मागच्या काचेजवळची जागा

१० नोव्हेंबर, सोमवार
धुराच्या तपासणीत गाडी पास. आमचा ड्रायव्हर केवलराम कागद नाचवत आला – "पाह्य ताई, उगाच किरकिर करून राहिली होती तू. मशीन खोटं बोलते का?"

मशीन खोटं नसन बोलत. पण तिनं पाहिलं काय? रिकामी, उभी गाडी. काल यानं फिल्टरले हवा मारली, सकाळी इंजन गरम केलं, मग नळी लावली. चार वेळा रेस, झालं. अशी रोज कोण चालवते? सोळा लेकरं, दप्तरं, डबे, वरून मी. चरोद्याचा ओव्हरब्रिज चढतो तवा मागचा स्कूटरवाला दिसत नाही. हे त्या मशीनले कोण सांगन?

११ नोव्हेंबर
प्राची आजही खोकली. रेल्वे कॉलनीतल्या पंजाबरावची नात, दुसरीत आहे. तिले गाडी लागते, म्हणून जूनपासून मीच तिले मागच्या उघड्या काचेजवळ बसवते. हवा लागते. त्या जागेसाठी लेकरं भांडतात. मी कोणाले देत नाही.

१३ नोव्हेंबर
आज प्राचीची आई सुजाता फाटकाशी उभी. "कांताकाकू, डॉक्टर म्हणे धुरापासून दूर ठेवा. घरी तर गॅस आहे. गाडीत धूर येते का?"

मी फाडकन म्हटलं, गाडी पास आहे, कागद आहे आमच्यापाशी.

"बरं झालं," म्हणाली अन् गेली. कागद पाहायले बी मागितला नाही.

एवढ्या पटकन काहून बोलली मी?

१४ नोव्हेंबर
चैन नाही. आपणच तपासायचं. जुनं पांढरं लुगडं फाडलं. एक तुकडा तारेनं धुराच्या पाइपामागं लटकवला, अंगणात, गाडी उभी. केवलरामले म्हटलं, मशीनपुढं मारली तशी रेस मार.

"आता तू आरटीओ झाली का वो?"

मार म्हटलं ना.

तुकडा भुरकट झाला. बस.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दुसरा तुकडा लटकवून, लेकरं भरून, पूल चढलो. शाळेपाशी उतरून पाहिला – तव्याच्या बुडासारखा. केवलरामचं हसू गेलं. मग म्हणे, "लोड असला का होतेच. सगळ्याच गाड्यांचं होते. रस्त्यावर कोण मोजते?"

मी मोजलं ना.

"दुरुस्तीले डिझेलचा पंप खोलायचा तर आठ दिवस गाडी उभी. लेकरं दुसऱ्या गाडीत जातीन, मग परत नाही येत."

तेही खरं. त्याचं अन् माझं, दोन घरं याच गाडीवर आहेत. मनाले म्हटलं, धूर तर मागं जाते, लेकरं आत आहेत.

उरलेल्या लुगड्याचा पडदा केला, प्राचीच्या काचेले लावला. परततानी ऊन लागते तिले.

१७ नोव्हेंबर
प्राची आली नाही. वाफ देऊन राहिले म्हणे. तिची जागा रिकामी ठेवली, कोणाले बसू दिलं नाही.

१८ नोव्हेंबर
पडदा धुवायले काढला. दोनच दिवस लावला होता. काळा. बाहेरूनच नाही, आतून बी. गाडी पळते तसा धूर वळून त्याच काचेतून आत येते. सगळ्यात काळा कुठं, तर बसल्यावर प्राचीचं तोंड येते तिथं.

ती जागा मी दिली तिले.

गाडीची चावी माझ्यापाशी आहे. केवलराम दार वाजवून राहिला. पडदा घेतला, सुजाताकडे चालली.