काखेतला तुकडा

नागपूर, १४ मे १९८४

प्रिय गोपिका,

भावाच्या घरच्या कूलरविरुद्ध माझी गंभीर तक्रार नोंदवून घे. दुपारी खोलीत सहा माणसं लवंडतात, पण पाणी उडवायला त्याला माझाच डावा कान सापडतो. मुंबईतल्या तीन बड्या फॅशन-पेढ्यांचे कपडे माझ्या शब्दावर बेतले जायचे. हे यंत्र मात्र मला जुमानत नाही.

नोकरी सोडून आले हे इथे कुणाला पटत नाही. काहून सोडली वं, असं वहिनी रोज विचारते. एका ब्लाऊजपायी म्हटलं की हसते. तूही तिथे कामावर आपल्या मालकाच्या तोंडून काही निराळंच ऐकलं असशील. लग्नाच्या कपड्यांत त्याला बाह्या अशा आवळलेल्या हव्या होत्या, की नवरी नुसती पुतळ्यासारखी उभी राहावी. नवरीला हात वर कशाला करायचेत, असं त्याने सगळ्यांदेखत विचारलं. मी म्हटलं, "हार घालायला. आणि वेळ आलीच तर काढायलाही." त्याला माफी हवी होती. मी माझी कात्री पर्समध्ये टाकली आणि जिना उतरले.

माफी कसली? आपल्या सीताबर्डीतले शिंपी बाईचं माप घेत नसत, मापाला जुना ब्लाऊज मागत. सोळाव्या वर्षीचं माप जन्मभर चालायचं. अंग भरलं तर चूक बाईची. म्हणून तर मी टेप हातात घेतला, बायकांना हात वर करायला लावलं, क्लास काढला. एकाहत्तर साली तू खापरखेड्याहून एसटीने त्या क्लासला आलीस आणि पहिल्याच आठवड्यात ब्लाऊजच्या काखेत एक तिरका तुकडा जोडलास. कापड वाया घालवलं म्हणून मी तुला चारचौघींत झापलं. तू शांतपणे म्हणालीस, "बाई, घालून तर पाहा. मग सांगा मले, कुठं खेचते ते."

हात वर केले तरी कुठेच खेचत नव्हतं. त्या तुकड्यावर मुंबईने मला डोक्यावर घेतलं, एका फॅशन-मासिकाने त्याला 'वच्छला बाही' म्हटलं, आणि बायकांच्या हक्कांवर गावभर भाषणं ठोकणारी मी तेरा वर्षं गप्प बसले.

परवा तुझं पत्र आलं. मालक माझी खुर्ची तुला देतोय, अट एकच, तो तुकडा काढायचा. बाई म्हणतील तसं करीन, असं तू लिहिलंस. बाई काहीही म्हणणार नाहीत. खुर्चीवर खुशाल बस, नाहीतर लाथाड. फक्त तुकडा माझा आहे असं समजून ठरवू नकोस. आज सकाळी त्या मासिकाला कळवलं, की ती बाही गोपिका बागडे हिची आहे, १९७१ पासून. त्या रजिस्टर पत्राची पावती सोबत जोडली आहे.

तुझीच,
वच्छलाबाई