तीन वर्गांची तजवीज

शनिवार, ऑक्टोबर २००८. सेंगकांग, सिंगापूर.

आमच्या शनिवारच्या छोट्या मराठी शाळेचे पुढील वर्षाचे नियोजन निर्दोष आहे, हे सिद्ध करण्यासाठी लिहावयास बसलो आहे. तीन वर्ग, तीन शिक्षिका. एक आली नाही, तर दुसरीने तिचा वर्ग घ्यावा. खोलीचे भाडे पालकांच्या वर्गणीतून निघते.

आज वेळापत्रक दाखवले, तेव्हा पहिलीच्या मंजिरीबाई म्हणाल्या, "काका, माझं नाव पेन्सिलीनं लिहा हं."

"का? शाई काय उसनी आणलीय मी?"

त्या हसल्या नाहीत. "ह्यांच्या बँकेतल्या दोघांची कार्डं काल दारालाच चालली नाहीत, काढून टाकलं त्यांना. सोमवारी ह्यांना बोलावलंय. नोकरी गेली की ह्यांचा इथं राहायचा पास जातो, आणि त्यावरचा माझाही. मग बिऱ्हाड आवरायचं, पुणं गाठायचं."

पेन्सिलीने! घरी आल्यापासून तो शब्द मन सोडत नाही. त्यांच्या जागी मी कोणास नेमले? दुसरीच्या बाईंना. त्यांचे यजमान कोठे असतात? त्याच बँकेत. तिसरीच्या बाईंचे? तेही तेथेच. या दोघींना मंजिरीबाईंनीच आणले होते, आणि ओळखीतली माणसे म्हणून मी निश्चिंत झालो. वर्गणी देणारे बहुतेक पालकही त्याच ओळखीतले. म्हणजे पेन्सिलीने लिहावयाचे ते एकच नाव नव्हे.

प्रतिपाद्य सिद्ध झाले नाही. माझी चूक अशी: तिघींवर एकाच वेळी संकट येणार नाही, हे मी न तपासता गृहीत धरले.

— वि. ग.