पोत्याच्या तळातली मूठ

अण्णा, आज पुन्हा मला ऑफिसात संशयी म्हणाले. म्हणणारा माझा साहेब, पुण्याहून आलेला, वयानं माझ्याहून लहान. मी म्हटलं, "वडिलांवर गेलेय." त्याला वाटलं, चेष्टा करतेय. त्यानं तुम्हाला आपल्या मल्लेश्वरमच्या दुकानात कॉफीच्या पोत्यापुढे बसलेलं कुठं पाहिलंय! दलाल खिशातली पुडी सोडून निवडक बिया दाखवायचा. तुम्ही ती बाजूला सारायचात, बाही वर करून खांद्यापर्यंत हात पोत्यात घालायचात आणि तळातली मूठ काढायचात. "त्याचाच माल त्याच्याशीच ताडून बघितला तर जुळणारच की!" तयार पूड असली की चिमूटभर थंड पाण्यावर. कॉफी तरंगते, भेसळीची चिकोरी तपकिरी रेघ सोडत खाली जाते. माझं लग्न ठरवायला बनशंकरीला गेलो, तर तिथंही तुम्ही गार पाणी आणि पूड मागताय. मी लाजेनं मेलेय. आई कुजबुजतेय, "अहो, स्थळ बघायला आलोय की पूड?" तुम्ही म्हणता, "दोन्ही." पूड बुडाली, तरी तुम्ही लग्नाला होकार दिलात. का, तर त्यांनी आधीच सांगितलं होतं, आमच्यात चिकोरी असते म्हणून.

मी आता पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत काम करते. आजूबाजूला लेथचा खडखडाट, आणि आमची इमारत गप्प. आम्ही औषध करत नाही, संशोधकांना लागणारी प्रथिनं करतो. माणसाच्या शरीरात काही प्रथिनं असतात, ती रोगाशी लढणाऱ्या पेशींना लगाम घालतात: थांब, हा आपलाच आहे. त्यातल्या एकाचं जनुक आम्ही दुसऱ्या पेशींत घालतो, त्या पेशी वाढवतो, त्यांनी बनवलेलं प्रथिन शुद्ध करून बाटल्यांत भरतो. कॅन्सरवर काम करणारे त्यावर आपली नवी औषधं आजमावतात, कारण कॅन्सरची गाठ हीच 'आपल्यातली' असल्याची खूण दाखवून सुटते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमचा राग आला. खरंच आला. अख्ख्या पेठेवर संशय घेणारा माणूस, आणि त्याच्याच रक्तातल्या शिपायांनी पोटातल्या गाठीला साधं 'यारु? कोण तू?' म्हणून विचारू नये!

तर या आठवड्यात नवा माल तयार झाला. चाचणी तशी सोपी. प्रथिन शरीरात ज्याला जाऊन चिकटतं त्या आपल्या जोडीदार प्रथिनाला घट्ट धरतं का ते बघायचं. धरलं तर रंग चढतो. आलेखावर जुन्या, पारखलेल्या मालाच्या रंगाची रेघ काढायची, शेजारी नव्याची. या वेळी दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. साहेब खूश. "अगं, किती क्लीन डेटा आहे! सही कर, आजच डिस्पॅच करू. कस्टमर कधीचा थांबलाय." जिवंत पेशींनी केलेली गोष्ट इतकी तंतोतंत जुळते होय? यानं आकडे बसवलेत, अशी माझी खात्रीच झाली. दिवसभर मी त्याच्याशी चोराशी वागावं तशी वागले. शेवटी चाचणी करणाऱ्या मुलीला गाठलं. इथलीच आहे ती. सहज म्हणाली, "अक्का, जुनी बाटली हाताशी नव्हती. म्हणून नव्यातलीच एक जुन्याच्या जागी लावली. स्वल्प वेळ वाचला." लबाडी कुणाचीच नव्हती हो. नवा माल नव्याशीच ताडला होता. जुळणारच की!

मी फ्रीझरमध्ये हात घातला, अगदी तळाशी एक जुनी बाटली सापडली. बोटं बधिर झाली. चाचणी पुन्हा लावली, तर नव्याचा रंग धड चढेना. दिसायला शुद्ध, पण जोडीदाराला धरायची ताकदच नाही. असल्या मालावर कुणी औषध पारखलं असतं, तर एखादं चांगलं औषध निकामी ठरून बाजूला पडलं असतं. कुणाच्या तरी अण्णांचं औषध. मी सही केली नाही. साहेब म्हणाला, "तू ना, फारच संशयी आहेस," आणि मग इथं येऊन शिकलेलं एकुलतं एक कानडी 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणून निघून गेला.

दवाखान्यातली ती सकाळ आठवते. मी कॅन्टीनची कॉफी आणलीय, चिकोरीचा वास दारापासून येतोय. तुम्ही तोंड वाकडं कराल, मला ओरडाल, म्हणून मी मुद्दाम कप तुमच्या नाकाशी धरते. तुम्ही हुंगत नाही. सगळी पिऊन टाकता आणि म्हणता, "छान आहे गं." डॉक्टर तेव्हा अजून आशा दाखवत होते. मला मात्र त्या कपाशीच कळलं. जिन्यात जाऊन रडले मी, अण्णा.

हे पाठवायचं कुठं? माझ्याच खणात राहील. एक मात्र सांगते. मघाशी लिहिता लिहिता शेजारी ठेवलेली कॉफी मी संपवली, आणि रिकामा कप ठेवताना लक्षात आलं, वास घेतलाच नव्हता. धावत स्वयंपाकघरात गेले, डब्यातली चिमूटभर पूड थंड पाण्यावर टाकली. तरंगतेय. तरी मी अजून ग्लासाजवळच उभी आहे.