नमुना क्रमांक सतरा

१४ जून २०२४
आज जामसरला चाळीस जणांचं रक्त घेतलं. अभ्यास मुंबईच्या संशोधक प्राजक्ता मॅडमचा. मी उपकेंद्राची नर्स, म्हणून सुई माझ्याकडे. बुधीवहिनीचंही घेतलं. सख्ख्या भावाची, पुंजादादाची बायको — पण नळीवर नाव लिहायचं नाही. नुसतं १७.

वहिनीला दोन वर्षं ताप. सांधे सुजतात, केस गळतात, गालांवर लाली. टीबीच्या गोळ्या झाल्या, रक्तवाढीच्या झाल्या, भगताची झाडफूक दोनदा झाली. आजाराला नाव नाही!

१५ जून
वहिनीने विचारलं, "बाय, रक्तात काय बघनार?"

मॅडमचं बोलणं माझ्या परीने सांगितलं. जनुकं आईबापाची, ती तीच राहतात; पण त्यांच्यावर बारीक खुणा असतात — कोणतं चालू, कोणतं बंद. आजारात त्या खुणा बदलतात. फॉरेस्टवाले तोडायच्या झाडांवर खूण करतात ना, तसं.

ती हसली. "मंग माझ्यात भलतीच झाडा तोडली कोनी?"

२३ ऑगस्ट
वहिनीचे पाय सुजलेत. लघवीला फेस. पुंजादादा म्हणाला, "नाशकाला नेऊ का?" मी म्हटलं, थांब, रिपोर्ट येऊ दे, मग नेमक्या डॉक्टरकडे नेऊ.

मग मॅडमना फोन केला. "रंजना, दोनशे नमुने जमल्याशिवाय तपासायला घेत नाहीत गं. आणि हे निदान नाही, अभ्यास आहे. एकेकाचा रिपोर्ट आम्ही देतच नाही."

काय करून बसले मी!

२४ ऑगस्ट
आज म्हटलं, चला नाशिकला. आता दादाच ऐकेना. "रिपोर्ट येतो म्हनलीस ना? आजाराचा नाव नाय, तिथं जाऊन सांगू काय?"

रिपोर्ट येणारच नाही, हे मी सांगितलं नाही. वहिनी म्हणाली, "थांबू. बाय म्हनते तर येल."

१९ ऑक्टोबर
सगळे शेतावर नागली कापायला. वहिनी ओट्यावर एकटी. माझा हात धरला, सोडेना. "नाव कळला का?"

नाही.

४ नोव्हेंबर
सकाळी वहिनी गेली.

६ नोव्हेंबर
मृत्यूच्या नोंदीत कारणाचा रकाना. मी नर्स — सगळे माझ्याकडे बघत होते. "आजारपण" लिहिलं.

१८ जानेवारी २०२५
मॅडमचा फोन. "हे मी सांगायला नको, पण सतरा कोण आहे? तिच्या खुणा फार ठळक आहेत. ल्युपस असावा — शरीर स्वतःवरच उलटतं. नेहमीच्या तपासण्यांनी खात्री करावी लागेल, पण औषधं आहेत. लगेच पाठव तिला... रंजना? ऐकतेस ना?"

म्हटलं, सतरा नंबर गेली, मॅडम.



१९ जानेवारी
दादाकडे गेले. चहा प्यायले. न सांगता परत आले.

१० फेब्रुवारी
सकाळी चंदा आली, वहिनीची मुलगी. दहावीची परीक्षा तोंडावर, आणि पेन धरवत नाही म्हणते. बोटं सुजलेली. गाल लाल.

मी सुई काढली. तिने हात मागे घेतला. "आत्या, अभ्यासाला नको देऊ माझा रक्त. मला नाशकाला ने."

अकराची जीप धरली. दादाही चढला. घाटात त्याला सगळं सांगून टाकलं.