रिकाम्या रायफलीचा सराव

भावोजींना वहिनीचा नमस्कार. पाठ कशी आहे? (कामाला उठताना दुखते, जेवायला बसताना नाही, असं जाऊबाईंनी कळवलंय.)

त्या सकाळी दूध उतरवून मी ओटा पुसत होते आणि तुम्ही ह्यांची रायफल काढून निदान केलंत: पाचातली एक गोळी उडत नाही, काडतूस आत जाताना अडतं, उडालेलं बाहेर येत नाही, भंगार झालीय, मला देऊन टाका. हे जाऊन आठ महिने झाले होते. घरातल्या न चालणाऱ्या वस्तूंत मीही जमा असल्यामुळे ओटाच पुसत राहिले.

मग ह्यांच्याकडची रायफलीची इंग्रजी पुस्तिका शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. या रायफलीची पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आपटते. आत काडतूस नसताना चाप ओढला, तर ती थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, तोंडावर बसते. तिथे खळगा पडतो, कंगोरा उठतो आणि काडतूस अडतं. वाचता वाचता मला सगळे रविवार आठवले. आमच्या सोफ्यावर रेलून, एक डोळा मिटून, फ्रिजवर नेम धरून रिकाम्या रायफलीचा चाप कोण ओढायचं, भावोजी? (फ्रिज सुखरूप आहे.) हे आतून ओरडायचे, "अरे, रिकामी उडवू नकोस." तुम्ही म्हणायचात, "दादा, सराव करतोय." सराव चांगलाच झाला, पिनचं टोक चेपलं.

गोळी का उडत नाही, तेही कळलं. पिन ज्यात सरकते त्या बोल्टमध्ये तेल साचून त्याचा डिंक झाला होता, पिन पुढे सरकायलाच आळस करत होती. शिलाई मशीनचं ते तेल 'दादाची आठवण' म्हणून तुम्हीच ओतलं होतंत. आठवण अर्धी बाटली होती. तुमच्या नेमबाजी क्लबातल्या मिस्त्रींनी बोल्ट धुतला, पिन बदलली, चेंबरची कड नीट केली आणि विचारलं, हे कुणी केलं? म्हटलं, आमच्या घरात एक जाणकार आहेत.

पाठ शेकत जा.

तुमची वहिनी

ता. क. क्लबच्या संघात ह्यांची जागा अजून रिकामी आहे. परवाना माझ्या नावावर झालाय, अर्ज सोबत जोडलाय. चिटणीस म्हणून तुमची सही हवी. दोन्ही भंगारं एकदमच दाखल करून घ्या.

आणखी एक. पत्र टाकायचं काल राहिलं. आज सकाळी मिस्त्रींसमोर दहा गोळ्या झाडल्या. दहाही उडाल्या. निशाणाच्या कागदाला तीन लागल्या. हे नेहमी एक रिकामं काडतूस शर्टाच्या खिशात घालून घरी आणायचे. मीही आणलं.