वारा आत की बाहेर

म्हसळे,
२ एप्रिल १९५६

ती. सालोमीताईस,
एस्तेरचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझे पत्र आणि सुके बोंबील पोचले. पोस्टमनच्या थैलीला अजून वास येत असेल.

मी गप्प का, असे विचारतेस. शेजारच्या गोदूचे पहिले बाळंतपण मी केले. मुलगी झाली, पण श्वास घेईना. नर्सिंगला शिकवले होते तशी तोंडाला तोंड लावून फुंकर घालत राहिले. नाही वाचली गं. आता गोदूची आतेसासू आवडाबाई गावभर सांगते की नर्सबाईने पोरीचा जीव ओढून घेतला. बायका दवाखान्यात येईनाशा झाल्या. विहिरीवर मी गेले की कळशा बाजूला सरकतात.

मन चांगल्या, देवाच्या गोष्टींवर ठेवा, असे तुमचे पाळकसाहेब सांगतात. मी यत्न करते. गीत म्हणते, आईचा चेहरा आठवते. पण मन म्हणजे द्वाड वासरू. बांधावे तर खुंटा उपटून थेट आवडाबाईच्या अंगणात! त्या खोटारडीशी मनातल्या मनात दिवसभर भांडते. बदली मागावी म्हणते. तुला हे जमते का? कसे जमते?

भावजींना सलाम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
एस्तेर

अलिबाग,
९ एप्रिल १९५६

चि. एस्तेर हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या भावजींना वाचून दाखवले. ते म्हणाले, तिला सांग, लगेच बदली माग. मला मात्र भलतेच प्रश्न पडले. लहानपणीसारखी चिडू नकोस.

आवडाबाई त्या वेळी कुठे बसली होती? तिथून तिला काय दिसले असेल? तोंडाला तोंड लावलेले मी पाहिले असते, तर वारा आत जातो की बाहेर ओढला जातो, हे मला तरी कळले असते का? तू तिला खोटारडी म्हणतेस. ती खोटे बोलली, की तिने चुकीचे पाहिले?

मनात काय धरावे, तो शास्त्रातला उपदेश आपण दोघींनी पाठ केला होता. त्यात निर्मळ आणि सुंदर मागून येते, सत्य पहिले. म्हणून वाटते, तुझे वासरू तिच्या अंगणात पळते तर पळू दे. त्याच्या मागोमाग तूही जा आणि विचार. मला जमते का म्हणशील, तर पुष्कळदा नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. प्रभू तुझ्या पाठीशी असो, आणि आमची आठवणही.

तुझी,
सालोमीताई

म्हसळे,
२३ एप्रिल १९५६

ती. सालोमीताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

गेले होते. आवडाबाई अंगणात कोकमे वाळत घालत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच विचारले, त्या दिवशी तुम्हाला काय दिसले? तिने जराही न कचरता सांगितले की मी पोरीवर वाकायची, मग मान वर करून छाती भरून वारा घ्यायची, म्हणजे पोरीतलाच ना?

ताई, मी थक्क झाले. तिने पाहिले ते खरेच होते! मी श्वास घ्यायला मान वर करत होते. मी तिचा हात मागितला. तळव्याशी तोंड नेले, फुंकर घातली, मान वर केली, पुन्हा घातली. ती हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, व्हय, वारा तोंडातनं भायेर येतो. आणि लगेच विचारले, मग पोर का न्हाय जगली? मला ठाऊक नाही, एवढेच मी म्हणाले. तिने कोकमे तशीच टाकली आणि गोदूकडे गेली.

बायका अजून येत नाहीत. एक आली, तीही खोकल्याचे औषध घेऊन पाठच्या दाराने गेली. पण बदली मागितली नाही.

आवडाबाईकडे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गोदू आली. बाळंतपणानंतर तिने माझ्याशी अवाक्षर काढले नव्हते. पोरीला किती वारा दिला, तेवढाच दाखवा म्हणाली, आणि हात पुढे केला. एवढ्याशा जिवाला गालात मावेल तेवढाच वारा द्यायचा असतो. तेवढाच तिच्या तळव्यावर फुंकला. तिने मूठ मिटली आणि ती तशीच मिटलेली घेऊन घरी गेली.

मन आता सारखे त्या मुठीपाशी असते. रडू येते, तरी तिथून हलावेसे वाटत नाही. हे चांगल्या गोष्टींत धरायचे का, ते पाळकसाहेबांना विचारून कळव.

तुमच्या मायेत राहू इच्छिणारी,
एस्तेर