चॅम्पियनचा डोळा

॥ श्री ॥
रांझी, जबलपूर
ता. ९ जानेवारी १९४४

ती. सौ. शकुवन्सं यांना सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे भाऊ आता आपल्या घरापुरते उरले नाहीत. बॉक्सिंगचा कलकत्त्याचा पट्टा जिंकून आल्यापासून तोफांच्या कारखान्यात त्यांना कोणी अच्युत म्हणत नाही, सगळे चॅम्पियनसाहब म्हणतात. सदर बाजारातल्या पानवाल्यानं दुकानात यांचा फोटो टांगला आहे. इथल्या गोरखपूर बाजारात भाजीवाली मला जास्तीचा मुळा देते आणि वर विचारते, की भाभीजी, घरीही ठोसे चालतात काय! मामंजी तर पेन्शनीत निघाल्यापासून पहिल्यांदाच असे ताठ चालून राहिले.

पण लिहायचं ते वेगळंच. परवा यांनी चहा बशीच्या बाहेर ओतला आणि हसण्यावारी नेलं. काल दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटला. काहून असं, विचारलं, तर म्हणे लढाईमुळे डबल शिफ्ट आहे, झोप होत नाही. मग मी गुपचूप त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून तोंडासमोर हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही हो.

यांच्या लढती ठरवणाऱ्या भय्यासाहेबांनी होळीनंतर छावणीतल्या एका गोऱ्या सार्जंटशी यांची लढत ठरवली आहे. कारखान्यातले म्हणतात, आम्ही रोज गोऱ्या फोरमनच्या शिव्या खातो, त्याचा जवाब चॅम्पियन देईल. भावजी डोळ्यांचे डॉक्टर आहेत. काही निमित्त काढून यांना नागपूरला बोलवा. मी लिहिलं हे मात्र कळू देऊ नका.

तुमच्या मायेवर भिस्त ठेवून आहे.
आपली, सत्यभामा


॥ श्री ॥
सीताबर्डी, नागपूर
ता. ६ फेब्रुवारी १९४४

चि. सौ. सत्यभामेस शकुचे अनेक आशीर्वाद.

सत्यनारायणाचं निमित्त केलं आणि अच्युत आला. गल्लीतली पोरं त्याच्या दंडाला हात लावायला रांग करून उभी होती. ह्यांनी दुपारी दवाखान्यात नेऊन तपासलं. तुझी शंका खरी निघाली गं. ठोसे खाऊन खाऊन डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला आहे. ती नजर परत येणार नाही. उजव्यालाही इजेच्या खुणा आहेत, एखादा जबर मार बसला तर तोही जाईल, असं ह्यांनी स्पष्ट सांगितलं.

अच्युतनं एवढंच विचारलं, की निदान ही एक लढत होईल का. हे नुसता चष्मा पुसत बसले. मग त्यानं आम्हा दोघांना शपथ घातली, की अण्णांना, तुझ्या मामंजींना, कळता कामा नये. निघताना नमस्काराला वाकला, तर हात माझ्या पावलांच्या अलीकडेच जमिनीला टेकले. मी पटकन पाय पुढे केले. त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

आता तूच त्याला सांभाळ. तुमच्या खुशालीकडे जीव लागला आहे, हे विसरू नकोस.
तुझी, शकु


॥ श्री ॥
रांझी
ता. २६ मार्च १९४४

ती. अक्कास अच्युतचा सा. न.

लढलो नाही. हे तुला पेपरातून कळण्याआधी मी कळवायला हवं होतं.

खरं सांगतो, मी उतरणारच होतो. सरावाला माझा जोडीदार मुरलीधर समोर होता. तो डावीकडून हलके हलके मारून राहिला आणि मला एकही ठोसा दिसला नाही. शेवटी तोच थांबला आणि हातमोज्यांत तोंड खुपसून रडायला लागला. त्याच पावली भय्यासाहेबांकडे गेलो आणि नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं, तर गप्प राहिलो. त्यांनी गावभर केलं, की चॅम्पियन गोऱ्यांना विकला गेला.

दाराला कोणीतरी बांगड्यांची माळ बांधून गेलं. सत्यानं ती सोडली आणि कणीक मळायला बसली. पानवाल्यानं माझा फोटो उतरवून टाकला. कारखान्यात भट्टीवर गेलो की माणसं पाठ फिरवतात. सत्या म्हणते, खरं सांगून टाका. पण अक्का, शिव्या मी ऐकू शकतो. ज्यांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं, ते उद्या हाताला धरून रस्ता ओलांडवतील, ते नाही सोसवणार.

अण्णा माझ्याआधी जेवून उठतात. गेल्या आठवड्यापासून बोलले नाहीत.

तिकडच्या सर्वांना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस.
तुझा, अच्युत


॥ श्री ॥
रांझी, जबलपूर
ता. १८ एप्रिल १९४४

चि. सौ. शकु हिस विष्णुपंतांचे आशीर्वाद. इकडील क्षेम, तुमचे कळवीत जावे.

मुरलीधर घरी आला होता. बाजारात कोणी अच्युतला हिजडा म्हणाले, ते त्याला ऐकवले नाही. अच्युतने त्यालाही शपथ घातली होती, ती मोडून त्याने मला सारे सांगितले. मी अच्युतला विचारले, की बापापासून काय लपवायचे. तो म्हणाला, अण्णा, तुम्ही इतके खूश होता.



रविवारी त्याला म्हटले, चल, सदरला जाऊन येऊ. तो नको म्हणत होता. मी हट्टाने नेले. पानाच्या दुकानापाशी नेहमीची टोळी बसली होती. एकाने हाक मारली, की चॅम्पियन, चूड़ियाँ पहनी कि नहीं. मी थांबलो. अच्युत माझी बाही ओढत होता, तरी थांबलो. त्यांना हिंदीत सांगितले, की ज्या पट्ट्यासाठी तुम्ही रात्रभर ढोल वाजवलेत, त्याच्यापायीच याचा हा डावा डोळा गेला. आता दुसराही हवा असेल तर समोर येऊन मागा.

माफी कोणी मागितली नाही. अच्युत माझ्यावर संतापला होता, मान खाली घालून उभा होता. तेवढ्यात पानवाला गादीवरून उतरला आणि दोन विडे घेऊन त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. बराच वेळ हात पुढे करून उभा होता. अच्युतला दिसलेच नाही. मग त्या माणसाने अच्युतच्या डोळ्याकडे पाहिले आणि विडे माझ्यापुढे धरले.

विडे मी घेतले. एक अच्युतच्या हातात दिला. त्याने तो लगेच खाल्ला नाही, पण टाकलाही नाही.

जावईबापूंस नमस्कार. आम्हा सर्वांची आठवण ठेवून असावे.
विष्णुपंत